तिथी विसरली तरी

आज भाद्रपद वद्य अमावस्या, सर्वपित्री. गेले पंधरा दिवस आपल्या घरांतून कुणा ना कुणाची तिथी होती. कुठे द्वितीयेला आजोबांचे पान वाढले गेले, कुठे अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या आजीचे, कुठे भरणीला गेल्याच वर्षी हरपलेल्या काकांचे. गवार, भोपळा, कारले, आमसुलाची चटणी, वडे आणि खीर यांचा वास स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत आला, गच्चीवर किंवा कौलांवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहिली गेली, आणि गुरुजींनी विचारल्यावर पिता, पितामह, प्रपितामह अशी नावे सांगताना आपल्यातल्या अनेकांची जीभ तिसऱ्या नावाशी अडखळली. अशा वेळी आपण घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे वळून पाहतो. नावे, गोत्र, तिथी, कुणाला काय आवडायचे, हे सारे त्याच्याजवळ असते.

आजची अमावस्या मात्र इतर तिथींहून वेगळी आहे. ज्यांच्या मृत्यूची तिथी ठाऊक नाही, ठाऊक होती पण काळाच्या ओघात पुसली गेली, किंवा ठाऊक असूनही त्या दिवशी काही करता आले नाही, त्या सर्वांचे स्मरण आज होते. ज्यांनी ही प्रथा घातली त्यांनी माणसाचे विसरणे गृहीत धरले होते. विसरणाऱ्याला दोष न लावता त्यांनी पंचांगात त्याच्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला. स्मरणाच्या पंधरवड्याचा शेवट विस्मरणाच्या क्षमेने व्हावा, यात आपल्या पूर्वजांची केवढी समज दिसते!

यंदा, २०२५ मध्ये, ही अमावस्या २१ सप्टेंबरला आली आहे, आणि २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’ या संघटनेने दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, १९९४ मध्ये एडिंबरा येथे, हा दिवस पाळायला प्रारंभ केला. चांद्र पंचांग आणि इंग्रजी दिनदर्शिका यांची अशी गाठ काही दरवर्षी पडत नाही. ती यंदा पडली आहे, तेव्हा गेलेल्यांबरोबर आज आपल्या घरातल्या त्या हयात माणसाचाही विचार करू या, ज्याला आपण इतकी वर्षे तिथी विचारत आलो आणि ज्याला ती आता आठवत नाही.

ते माणूस आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात आहे. सकाळचे जेवण होऊन तास होत नाही तोच ‘मला अजून कुणी वाढलं नाही’ म्हणणारी आई, ज्या गल्लीत चाळीस वर्षे राहिले त्याच गल्लीत वाट चुकलेले वडील, पुरणाचा घाट ओट्यावर मांडून मध्येच ‘आता पुढे काय करायचं?’ असे भांबावून विचारणारी आजी. आपण हे पाहतो आणि म्हणतो, वय झाले. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्या जिभेवर इतकी रुळली आहे की, तिच्या आड एक आजार वर्षानुवर्षे लपून राहू शकतो हे आपल्या ध्यानीमनीही येत नाही.

ज्या स्त्रीमुळे हा आजार वैद्यकशास्त्राला दिसला ती म्हातारी नव्हती. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. अलॉइस अल्झायमर हा तरुण डॉक्टर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारी आणि ती जे बोलेल ते टिपून ठेवी. तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर ती पहिला शब्द लिहून थांबे, पुढचे तिला आठवत नसे. पुढ्यात फुलकोबी असताना काय खातेस असे विचारले तर म्हणे, पालक. आपण हरवलो आहोत अशी तिची तक्रार त्या टिपणांत पुन्हा पुन्हा येते. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. तिचा मेंदू मागवून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्याला पेशींच्या बाहेर साचलेले पुटांसारखे थर आणि पेशींच्या आत वळलेल्या धाग्यांच्या गुंतवळी दिसल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे त्याने हे निरीक्षण सहकाऱ्यांपुढे मांडले, तेव्हा सभेतून एकही प्रश्न आला नाही. चार वर्षांनी त्याचे ज्येष्ठ सहकारी एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. एका डॉक्टरने एका भांबावलेल्या बाईजवळ चिकाटीने बसून तिचे ऐकले, एवढ्याने हे सारे सुरू झाले. आपल्या घरांतून नेमके हे बसून ऐकणेच राहून जाते.

त्या पुटांना आज अमायलॉइड म्हणतात आणि त्या गुंतवळींना टाउ. दोन्ही प्रथिने आहेत, दोन्ही निरोगी शरीरातही असतात. फरक त्यांच्या घडीत पडतो. प्रथिनाचा धागा एका ठरावीक रीतीने दुमडला तरच ते आपले काम करते. ती घडी बिघडली की ते एकमेकांना चिकटू लागते, साचू लागते, आणि मेंदूची स्वतःला साफ ठेवण्याची यंत्रणा वयानुसार, आनुवंशिक कलानुसार आणि इतर आजारांच्या भाराने थकत जाते. चेतापेशींचे परस्परांशी असलेले दुवे आधी तुटतात, मग पेशी मरतात. त्वचा किंवा यकृत नव्या पेशी घडवून झीज भरून काढते, मेंदूला मात्र मेलेल्या चेतापेशी अशा बदलून घेता येत नाहीत. आणखी एक गोष्ट आपण सर्वांनी मनात धरायला हवी. हे साचणे पहिल्या लक्षणाच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू झालेले असते. सत्तरीत दिसलेल्या विस्मरणाची सुरुवात पन्नाशीत झालेली असते, मुलांची लग्ने आणि घराचे हप्ते यांच्या गडबडीत.

अल्झायमरचा पहिला घाला बहुधा हिप्पोकॅम्पस या भागावर पडतो. आज घडलेले उद्यासाठी जपून ठेवणे हे त्याचे काम. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पंगतीत जिलबी होती की बुंदी, हे आठवते. म्हणून नातवाचे नाव सुटते, पण शाळेतल्या गुरुजींचे नाव आडनावासकट येते. याहून खोल एक थर आहे, हाता-जिभेच्या सवयींचा आणि सुरांचा. तो पुष्कळ रुग्णांत फार उशिरापर्यंत टिकतो. मुलीला ओळखू न शकणारी आई रामरक्षा एकही अक्षर न चुकवता म्हणते. टाळ हातात दिला की, एरवी गप्प बसून असलेले वारकरी आजोबा ठेका धरतात. पावकी-निमकीचे पाढे, ओव्या, आरतीची चाल हे पाठांतर आपल्या मागच्या पिढ्यांनी केले ते परीक्षेसाठी किंवा पुण्यासाठी, आणि तेच आता त्यांना पैलतीरावरून आपल्याशी जोडून ठेवते. ज्या घरांत हे ध्यानात आले आहे तिथे संध्याकाळ थोडी सोपी झाली आहे. दिवेलागणीच्या सुमारास या रुग्णांची अस्वस्थता वाढते, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो. अशा वेळी ‘हे आपलंच घर आहे’ असा वाद घालण्यापेक्षा हात हातात घेऊन शुभंकरोति सुरू करणे अधिक कामाला येते. रुग्णाला पुराव्यानिशी पटवायला जाऊ नये, त्याच्या भीतीला उत्तर द्यावे, असे या क्षेत्रातले जाणते सांगतात.

पण आजार विस्मरणाचाच असतो असे समजून आपण फसतो. ज्या गटाला चेताऱ्हासाचे आजार म्हणतात, त्यात मेंदूचा कोणता भाग आधी झिजतो त्यावरून माणसाचे रूप बदलते. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजला तर स्मरण शाबूत राहून स्वभावच पालटतो. आयुष्यभर मर्यादेने वागलेला माणूस चारचौघांत नको ते बोलू लागतो, पैसे उधळतो, कुणाच्या दुःखाने त्याचे डोळे ओलावत नाहीत. हा प्रकार पन्नाशीतही येतो, आणि घरातले लोक त्याला वाईट चालीचे किंवा माजाचे नाव देऊन नाती तोडून बसतात. लेवी बॉडी नावाच्या विकारात कोपऱ्यात मुले खेळताहेत, दारात कुणी उभे आहे असे स्पष्ट दिसते, आणि मग धावाधाव होते ती देवऋष्याकडे. हंटिंग्टनच्या आजारात अंगाला आपोआप झटके येऊ लागतात. तो एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो, १९९३ मध्ये तो जनुक सापडला, आणि बाधित आई किंवा बापाच्या प्रत्येक मुलामागे तो येण्याची शक्यता निम्मी असते. ए.एल.एस. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. हातातून कप निसटतो, बोलणे जड होते, पुढे गिळणे आणि श्वास घेणेही अवघड होते, आणि पुष्कळदा मन शेवटपर्यंत लख्ख असते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये हे निदान ऐकवले गेले आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण तो अपवाद आहे, बहुतेकांना काहीच वर्षे मिळतात.

पार्किन्सनची, म्हणजे आपल्या ओळखीच्या कंपवाताची, गोष्ट अधिक सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात उपचाराचा भाग मोठा आहे आणि त्यात आपल्या मातीचाही धागा आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावरचा आपला निबंध सहा रुग्णांच्या आधारे लिहिला, आणि त्यांतल्या काहींना त्यांनी रस्त्याने चालताना पाहिले होते. आपणही पाहिले तर आपल्याला दिसेल. मांडीवर विसावलेल्या एका हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो आणि काही उचलायला गेले की कंप थांबतो. चालताना एक हात हलत नाही. पावले आखूड पडतात, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, अक्षर बारीक होत जाते आणि बँकेतला कारकून सही जुळत नाही म्हणून धनादेश परत करतो. याच्याही कित्येक वर्षे आधी फोडणीचा वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते, झोपेत माणूस स्वप्नातल्याप्रमाणे हातपाय झाडतो. कित्येकांना तर कंप नसतोच, नुसता एक खांदा आखडतो आणि वर्षभर शेक-मालिश चालू राहते.

मध्यमेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रा या काळसर भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी येथे मरत असतात. हालचाली दिसण्याइतक्या मंदावतात तोवर त्यांतला मोठा हिस्सा गेलेला असतो. डोपामिन गोळीने देता येत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा हा त्याचा पूर्वावतार शिरतो. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. सह्याद्रीच्या उतारावर पावसाळ्यानंतर ज्या वेलीच्या शेंगांना हात लागू नये म्हणून गुराखी जपून चालतात, तीच ही खाजकुइली, आयुर्वेदाची कपिकच्छू. तिचा पार्किन्सनशी संबंध जुळायला पुढे वीस-तीस वर्षे जावी लागली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस डोपामिनचे महत्त्व दाखवले, त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळाले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन खुर्चीला खिळलेल्या माणसांना चालवून दाखवले. आज ते कार्बिडोपाबरोबर दिले जाते, म्हणजे वाटेतच त्याचा ऱ्हास होत नाही. ही गोळी प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतली तर तिचा गुण कमी येतो, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते, आणि वेळ अर्ध्या तासानेही चुकू नये इतके तिचे घड्याळ कडक असते. कालांतराने तिचा परिणाम लवकर ओसरू लागतो, अंगाला नको त्या हालचाली होतात, तेव्हा निवडक रुग्णांत मेंदूत बारीक तार बसवून विद्युत्स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया करतात. बाजारातले खाजकुइलीचे चूर्ण मनाने घेऊ नये. त्यात औषध किती आहे याचा भरवसा नसतो आणि चालू गोळ्यांवर ते चढले तर अपाय होतो. व्यायाम मात्र औषधाइतकाच महत्त्वाचा. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात. तालावर पाऊल टाकले की अडलेले पाऊल पुढे पडते, हा तिथल्यांचा रोजचा अनुभव आहे.

अल्झायमरच्या बाबतीत इतके हाती आलेले नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आशेच्या नावाने या घरांची फार लूट होते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमंटिन ही औषधे काही काळ लक्षणे सावरून धरतात, झीज थांबवत नाहीत. अमायलॉइड धुऊन काढणारी लेकानेमॅबसारखी नवी औषधे आली आहेत. अगदी आरंभीच्या रुग्णांत अठरा महिन्यांच्या चाचणीत लेकानेमॅबने घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ही थोडकी प्रगती नाही. पण हे औषध सहसा शिरेतून द्यावे लागते, फार महाग आहे, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो का, हे वारंवार एमआरआय काढून पाहावे लागते. घसरण मंदावते, गेलेले परत येत नाही. ज्याच्या घरी हे निदान झाले आहे त्याला हे माहीत असण्याचा हक्क आहे.

मग निदान लवकर कशासाठी करायचे, असे कुणी विचारील. एक कारण असे की, प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता आपल्या शाकाहारी घरांत जागोजाग आढळते. थायरॉइड मंदावणे, वृद्धापकाळातले नैराश्य, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या आणि इतर गोळ्यांचा मारा, यांनीही माणूस विसराळू आणि गोंधळलेला होतो, आणि हे सारे बरे होण्याजोगे आहे. एका साध्या रक्ततपासणीने सुटणारा प्रश्न ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली गाडला जावा, याहून दुःखद काय असेल? दुसरे कारण त्या माणसाच्या मानाचे आहे. आजार आरंभीच कळला तर आपल्या पैशाचे, शेतीचे, इच्छापत्राचे, पुढे कुणाजवळ राहायचे याचे निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. उशिरा कळला तर ते त्याच्यावतीने दुसरे घेतात, आणि पुष्कळदा त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात.

आणि प्रतिबंध? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने १४ धोके मोजले आणि ते आयुष्यभर आवरता आले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांनी येणारा बुद्धिभ्रंश, टळू शकेल किंवा लांबेल, असे मांडले. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखू, दारू, डोक्याला मार, बैठे जिणे, दूषित हवा, नैराश्य, एकटेपणा, मंदावलेली नजर, मंदावलेले कान आणि अपुरे शिक्षण. यातल्या कानांजवळ थोडे थांबावेसे वाटते. मोतीबिंदू झाला की आपण शस्त्रक्रिया करून घेतो, चष्मा तर मिरवतो. कानाचे यंत्र मात्र लाजेने कपाटात पडून राहते. ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून वगळला जातो आणि न बोलणारा मेंदू एकेक दालन मिटत नेतो. आणि शिक्षणाचा मुद्दा आपल्या इतिहासाशी जाऊन भिडतो. शाळेत न गेलेल्या, साक्षर न होऊ दिलेल्या ज्या पिढ्यांतल्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्या वाट्याला हा आजार अधिक येतो आहे. भारतातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये निघालेला अंदाज सांगतो की, साठीपुढच्यांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया आहे, आणि स्त्रियांत, खेड्यांत, अशिक्षितांत त्याचे प्रमाण जास्त आहे. मुलगी शाळेत गेली की तिच्या म्हातारपणाचीही राखण होते, हे सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

याच संदर्भात सुवर्णा अल्लाडी यांचे हैदराबादेतले २०१३ चे संशोधन मनाला उभारी देते. ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा आली, आणि निरक्षर माणसांतही हे खरे ठरले. आपल्याकडे घरात मालवणी, अहिराणी किंवा कोकणी, बाजारात हिंदी, शाळेत प्रमाण मराठी, सीमेलगत कन्नड नाहीतर तेलुगू, असा दिवस कितीजणांचा जातो! आजीची बोली नातवाच्या कानावर पडत राहावी, याला आणखी एक कारण मिळाले.

हे सगळे खरे, पण या आजाराचा मोठा भार रुग्णालयात वाहिला जातच नाही. तो घरात, आणि घरातही बहुधा एकाच बाईच्या खांद्यावर असतो. ती पत्नी असते, मुलगी असते, फार वेळा सून असते. रात्री तीनदा उठणे, अंथरूण बदलणे, दाराला आतून कडी घालणे, एकाच प्रश्नाला विसाव्यांदा तेच उत्तर देणे. आणि या सगळ्यावर, ‘माझ्या पाटल्या हिनेच चोरल्या’ असा आरोप पाहुण्यांसमोर ऐकणे, कारण ठेवलेली वस्तू न सापडली की आजारी मन तिला चोरीचे नाव देते. पाहुणे चहा घेतात, सुनेकडे एकवार पाहतात आणि घरी जाऊन चार जणांना सांगतात. त्या पाहण्याबद्दल आपण सर्वांनी तिची क्षमा मागायला हवी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको, एखाद्या लेकराला सांभाळावे तशी. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना त्यातल्या मुलीची घालमेलही आठवत असेल. प्रेम असूनही माणूस थकतो. थकलेल्याला अपराधी ठरवणारा समाज त्या रुग्णालाही निराधार करतो.

यावर करता येण्याजोगे काय आहे, ते शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ८१ कुटुंबांत एक शास्त्रशुद्ध चाचणी केली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावातल्याच साध्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाठवले. हे कार्यकर्ते बसत, ऐकत, आजार म्हणजे काय ते सांगत, रागावलेल्या रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवत, सरकारी योजनांची माहिती देत, गरज पडली तर डॉक्टर गाठून देत. सहा महिन्यांत सांभाळ करणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजता येईल इतका उतरला. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही की नवे रुग्णालय बांधावे लागले नाही. मुंबईत, पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांची आणि कुटुंबीयांची मंडळे आज हेच काम आपल्या परीने करतात.

राज्याने हे उचलायला हवे, आणि पाया तयार आहे. आशा सेविका घरोघर जाऊन जो आरोग्य-तपासणीचा अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी ‘जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का’ असा प्रश्न आधीपासूनच आहे. उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय करायचे, याची वाट प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आखून द्यायला हवी. केंद्रावरच्या डॉक्टरला स्मरणाची साधी चाचणी आणि ब-१२, थायरॉइड यांसारख्या रक्ततपासण्या करता याव्यात, लेव्होडोपाची गोळी तालुक्याला नेहमी मिळावी. २०१६ च्या कायद्याने पार्किन्सनला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे, पण ते प्रमाणपत्र मिळवायला थरथरत्या माणसाला जिल्ह्याच्या गावी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. सत्तरीवरच्या सर्वांना आता आयुष्मान योजनेत उपचारांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरी आठ-दहा वर्षे चालणाऱ्या सांभाळाला त्यातून एक दिवसाचीही मदत होत नाही. तालुक्यागणिक एक दिवसभराचे सांभाळ-केंद्र निघाले, तरी कितीतरी सुना आणि मुली नोकरी सोडण्यापासून वाचतील.

उद्या घटस्थापना. घरोघर माती चाळली जाईल, धान्य पेरले जाईल, नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा म्हणून घरातली माणसे आळीपाळीने जागी राहतील. आळीपाळीने जागण्याची ही रीत आपल्याला चांगलीच येते. ज्या घरी विसरणारे माणूस आहे तिथे या नऊ दिवसांत शेजारच्यांनी एकेक संध्याकाळ वाटून घ्यावी आणि त्या घरच्या बाईला भोंडल्याला, देवीला किंवा नुसते झोपायला मोकळे करावे. आरतीला आजीला पुढे बसवावे, शब्द तिला येतील. गर्दी आणि ढोल यांनी ती बिचकली तर लगेच आत न्यावे. तिच्या कपड्याच्या आतल्या बाजूला घरचा दूरध्वनी क्रमांक शिवून टाकावा. आणि दसऱ्याला सोने द्यायला जी भावंडे एकत्र येतील, पुण्याची, ठाण्याची, अमेरिकेतली सुटीवर आलेली, त्यांनी जेवणानंतर तासभर बसून पुढच्या वर्षाचे ठरवावे. तपासणीला कोण नेणार, गोळ्यांचे पैसे कोण देणार, मे महिन्यात वहिनीला माहेरी जायचे आहे तर ते पंधरा दिवस आईजवळ कोण राहणार, हे कागदावर लिहून काढावे आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे तारीख घालावी.